तिसरी घंटा चायनीज

१२ ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी दुकानातली वरची फळी रिकामी करायला घेतली. साबुदाण्याच्या पोत्यामागे सोया सॉसच्या बाटल्यांचं एक खोकं निघालं. तारीख कधीच उलटून गेलेली. आरमोरीत माझ्या किराणा दुकानातून सोया सॉस खोक्यानं नेणारा एकच माणूस होता. त्यानं गाव सोडल्यापासून या बाटल्यांना कोणी विचारलेलं नाही. सगळ्या मोरीत ओतल्या. मोरी काळी झाली. ती घासता घासता मला एवढं हसू यायला लागलं, की रस्त्यावरून जाणाऱ्या शेजारणीनं थांबून विचारलं, "बाई, बरी आहेस न वो?"

बरी आहे. पण त्या माणसाबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातलीही एक फळी रिकामी होईल.

वसंतभाऊ ठेंगरी. माझ्या दुकानाला भिंतीला भिंत लागून त्यांचं हॉटेल होतं, 'तिसरी घंटा चायनीज'. पाटीवर ड्रॅगन होता. तो रंगवणारा माणूस नाटकांचे पडदे रंगवायचा, त्यामुळे ड्रॅगनच्या मागे राजवाडा, कारंजं आणि पौर्णिमेचा चंद्र आला होता. ड्रॅगनला मिशाही होत्या. कोणी विचारलं तर वसंतभाऊ म्हणायचे, "खलनायक हाये न तो. बिनामिशीचा कसा चालन?"

आत गेलं की स्वयंपाकघराच्या दाराला लाल मखमलीचा पडदा, चुणीदार, सोनेरी झालर लावलेला. एका मोडलेल्या नाटक कंपनीकडून आणलेला. तुम्ही ऑर्डर दिली की पहिली घंटा. कढई चढली की दुसरी. तिसऱ्या घंटेला पडदा सरकायचा आणि तुमची फ्राइड राइसची प्लेट प्रवेश करायची. नवीन माणूस दचकून उभाच राहायचा. एका तलाठ्यानं तर टाळ्या वाजवल्या होत्या.

भाऊ नाटकवाले होते, पण नट नव्हते. तीस वर्षं ते झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात, आणि नटाला तालमीला वेळ नसतो. दुपारी प्रत हातात, संध्याकाळी तोंडाला रंग. मग स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा करतात, त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि सगळ्यांची सगळी वाक्यं खालून पुरवतो. राजाचं वाक्य राजाला, दासीचं दासीला. नट ते कानानं उचलतो आणि तोंडानं टाकतो. मधे डोकं लागत नाही, असं भाऊ म्हणायचे. नटांसमोर म्हणायचे नाहीत.

तीस वर्षं खड्ड्यात बसून त्यांचा आवाज कायमचा खाली गेला होता. ते कुजबुजतच बोलायचे. पण ती कुजबुज अशी, की नेमक्या माणसाच्या कानात जाऊन पडायची आणि शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. फोनवर मात्र त्यांचं काही चालायचं नाही. गॅस सिलिंडरवाला "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा. म्हणून त्यांचे फोन मी करायची. भाऊ शेजारी उभं राहून कुजबुजायचे आणि मी ओरडायची. एकदा गॅसवाला मला म्हणाला, "बाई, तुमच्या हॉटेलात मंचुरियन चांगला भेटते." मी म्हटलं, भेटत असेल, मी साखर विकते.

हॉटेल उघडलं तेव्हा गावाला चायनीज नवीन नव्हतं. गाड्या होत्याच. पण बायकापोरांना घेऊन, पंख्याखाली, खुर्चीवर बसून खाणं नवीन होतं. कुरखेड्याकडून, वैरागडाकडून धानवाले शेतकरी बाजाराच्या दिवशी यायचे आणि मेनूकार्ड हातात धरून गप्प बसायचे. ते वाचता येत नव्हतं असं नाही. चारचौघांत ते नाव मोठ्यानं कसं म्हणायचं, ही पंचाईत. अशा वेळी काउंटरमागून कुजबुज यायची, "म्हणा, एक व्हेज मंचुरियन, ग्रेव्हीवालं. अन् दोन हाफ राइस." आणि तो शेतकरी मान वर करून, जन्मभर हेच खात आल्यासारखा खणखणीत आवाजात म्हणायचा, "एक व्हेज मंचुरियन! ग्रेव्हीवालं!" त्याची बायको त्याच्याकडे जे बघायची ते बघण्यासारखं असायचं.

भाताच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकांना कोणी प्रॉम्प्ट करायची गरज नव्हती. फ्राइड राइसमधली शितं निवडून, दातांनी चावून निकाल द्यायचे. "एचएमटी तांदूळ हाये. मागच्या सालचा." मग भाऊंना बोलावून विचारायचे, "चीनमधी बी एचएमटीच लावतेत का जी?" भाऊ गंभीरपणे कुजबुजायचे, "श्रीमंत लोकं लावतेत."

ही प्रॉम्प्टिंगची सवय ऑर्डरपुरती राहिली असती तर ठीक. पण त्यांच्या कानावर पडलेलं कुठलंही संभाषण अडलं, की त्यांना राहवायचं नाही. एकदा एक जोडपं आलं. भांडण झालेलं दिसतच होतं. बायको नूडल्सकडे बघत होती, नवरा छताकडे. सूप आलं, निवलं. शेवटी काउंटरमागून नवऱ्याच्या कानात वाक्य गेलं आणि तो म्हणाला, "चुकलं माझं. तुझ्या माहेरच्या लोकाईले मी तसं बोलाले नाई पाह्यजे होतं."

बायकोनं काटा खाली ठेवला. "हे तुमाले कोनी शिकवलं?"

नवऱ्यानं प्रामाणिकपणे काउंटरकडे बोट दाखवलं.

"मंग त्यायले म्हणा, रोज संध्याकाळी घरी येत जा."

त्या दिवशी भाऊ इतके खूष झाले, की त्यांनी दोघांना एकेक स्प्रिंग रोल फुकट दिला आणि त्यासाठीही तिन्ही घंटा वाजवल्या.

पावसाळा हा नटांचा रिकामा काळ. कोणी धानाच्या रोवणीला जातो, कोणी ई-रिक्षा चालवतो. भाऊंनी एका पावसाळ्यात डोकं लढवलं. हॉटेलच्या एका कोपऱ्यात चार लाकडी पेट्या जोडून स्टेज केलं आणि दर शनिवारी संध्याकाळी सातला 'जेवण आणि प्रवेश' सुरू केलं. जेवता जेवता नाटकातला एकेक प्रवेश. कुठल्या पदार्थाबरोबर कुठला प्रवेश, हे भाऊंनी ठरवलेलं. चिली चिकनबरोबर खलनायक. नूडल्सबरोबर प्रेमाचा प्रवेश, कारण दोन्ही लवकर संपत नाहीत. हॉट अँड सोर सूपबरोबर आईचा रडण्याचा प्रवेश. "नाक तसंबी वाहतेच," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, हे चालणार नाही. दुसऱ्या शनिवारी माझ्या दुकानातून प्लास्टिकच्या खुर्च्या न्याव्या लागल्या.

खलनायकाचं काम करणारा प्रवीण मोठा गुणी नट होता. नाटकात तो आईला घराबाहेर काढायचा आणि हसायचा. एका शनिवारी पुढच्या टेबलावर एक म्हातारी बसली होती, नातवानं तिला बळंच आणलेलं. प्रवीण हसायला लागला तशी ती उठली, प्लेटसकट स्टेजजवळ गेली आणि म्हणाली, "थांब रे मुडद्या! हसतेस का? उपाशी असशीन म्हणून असा वागतेस. हे खा, अन् मायच्या पाया पड." आणि तिनं चिली चिकनचा एक तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. प्रवीणला पुढचं वाक्य बोलता येईना. काउंटरमागून भाऊ कुजबुजले, "पाया पड." तो पडला. त्या प्रवेशात खलनायक पहिल्यांदा आणि शेवटचं सुधारला. टाळ्या अशा वाजल्या की माझ्या फळीवरचे डबे हलले.

आणि रडण्याचा प्रवेश करायला वडशाहून दमयंतीबाई यायच्या.

दमयंतीबाई म्हणजे झाडीपट्टीची मोठी नटी. साठीच्या आसपास, उंच, काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा जाऊन वर्षं झाली होती तरी कुंकू काढलं नाही. कोणी टोकलं तर म्हणायच्या, "मेकअप हाये माझा. तुले काय कराचं हाये?" त्या रडायला लागल्या की सूप पिणारी माणसं चमचा विसरायची. पण एक गोष्ट गावात थोड्याच लोकांना माहीत होती. बाईंना वाक्य पाठ राहत नसे. एकही नाही. त्यांची उभी कारकीर्द वसंतभाऊंच्या कुजबुजीवर झाली होती. त्यांचे डोळे प्रेक्षकांकडे आणि कान खड्ड्याकडे. भाऊंनी टाकायचं आणि त्यांनी उचलायचं. मधे श्वासाचंही अंतर नाही.

"सुरुवातीची पाच-सात वर्षं मी त्यायले फक्त डोक्यावरून वळखत होती," बाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "खड्ड्यातून तेवढंच दिसे. मंग टक्कल पडलं, तवा दुसरा मानूस आला का काय वाटलं."

भाऊंचं लग्न राहूनच गेलं होतं. सीझनमध्ये नाटक, पावसाळ्यात रोवणी, त्यात कधी करणार? आणि आता हॉटेलमध्ये दर शनिवारी बाई यायच्या, तेव्हा भाऊ दुपारपासून टेबलं पुसायचे. पुसलेली टेबलं पुन्हा पुसायचे. मी आंधळी नाही. एकदा व्हिनेगरच्या बाटल्या द्यायला गेले तेव्हा सरळच विचारलं, "भाऊ, विचारत काऊन नाई बाईले?"

भाऊंनी फडकं खाली ठेवलं. माझ्यापासून काही लपवायचा प्रयत्नही केला नाही. "वाक्य तयार हाये बाई," ते कुजबुजले. "बोलनारा नट नाई."

"तुमी हाये न."

"मी कवा बोललो?"

ते खरं होतं. तीस वर्षांत या माणसानं जगातलं प्रत्येक वाक्य बोललं होतं, राजाचं, भिकाऱ्याचं, नवरदेवाचं, आणि त्यातलं एकही स्वतःचं नव्हतं. तीनदा त्यांनी प्रयत्न केला, मी बघितलंय. प्रवेश संपला की बाईंच्या टेबलापाशी जायचे, तोंड उघडायचे, आणि "अजून सूप आनू का?" विचारायचे. बाई बिचाऱ्या हो म्हणायच्या. शेवटी त्या मला म्हणाल्या, "हा मानूस मले सूप पाजून मारते का काय?"

मग श्रावणात बातमी आली. बाईंचा मुलगा पुण्याला नोकरीला. तो आईला कायमची घेऊन जाणार. पोळा झाला की. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, भाडेकरूही बघितला होता. म्हणजे पोळ्याच्या आधीचा शनिवार हा बाईंचा शेवटचा प्रवेश. ही बातमी सांगताना बाई डोळे पुसत नव्हत्या. स्टेजबाहेर त्या कधी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुण्यात मी कोनासंग बोलू? तिथी तं सारे आपलं आपलं बोलतेत."

त्या शनिवारी हॉटेल भरून रस्त्यावर माणसं उभी होती. रोवणी आटोपलेली, हात रिकामे. मी मागच्या टेबलावर बसले होते. रामकृष्ण कुकनं सूपचा मोठा गंज गॅसवर चढवला होता. भाऊंचा चेहरा कॉर्नफ्लोरसारखा पांढरा. मी जवळ जाऊन म्हटलं, "आज नाई तं कवाच नाई." त्यांनी मान हलवली. कुठल्या दिशेनं ते कळलं नाही.

तिसरी घंटा झाली. प्रवेश असा, की मुलगा आईला सोडून शहरात चाललाय आणि आई स्टेशनवर निरोप देते. मुलाच्या कामाला प्रवीणच, कारण दुसरा नट त्या दिवशी ई-रिक्षा सोडून आला नाही. बाईंनी प्रवीणच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांचे चमचे थांबले. काउंटरमागून कुजबुज, स्टेजवरून हंबरडा, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

"बाळा, जा. मायची काळजी करू नको."

"बाळा, पोचल्यावर फोन कर."

आणि मग भाऊ थांबले. प्रॉम्प्टर थांबला की स्टेज थांबतं. बाई हात तसाच ठेवून वाट बघत राहिल्या. प्रवीण डोळे मिटून वाट बघत राहिला. आणि काउंटरमागून भाऊ, प्रत वगैरे बाजूला ठेवून, तीस वर्षांचं धैर्य गोळा करून बाईंना म्हणाले. नटीला नाही, बाईंना म्हणाले. पण ते निघालं मात्र त्याच कुजबुजीत.

आणि बाईंनी ते उचललं. दुसरं काय करणार? प्रवीणच्या डोक्यावर हात, डोळ्यांत पाणी, आवाज पार रस्त्यापर्यंत, "मले तुमच्यासंग लगन कराचं हाये!"

कोणाचा तरी चमचा फरशीवर पडला.

प्रवीण डोळे उघडून बघत राहिला. त्याला काउंटरमागून काहीच येत नव्हतं. शेवटी स्वतःच्या अकलेनं त्याला एकच शब्द सुचला. "आई?"

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते. लोक खुर्च्यांवरून घसरले. सूप नाकातून आलं. तलाठी भिंतीला धरून उभा होता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी प्रवीणला बाजूला केलं, पदर खोचला आणि काउंटरकडे वळून विचारलं, "हे वाक्य कोनाचं होय?"

लोक डोळे पुसत खुर्च्यांवर सावरून बसले.

"या नाटकात हे वाक्य नाई," बाई म्हणाल्या. "मी पाठ नाई करत, पन वळखतो तं. कोनाचं होय हे?"

काउंटरमागून भाऊ उभे राहिले. अंगात एप्रन, हातात झारा. तोंड उघडलं. आणि मग एक आवाज आला, जाडा, फाटका, खूप दिवस बंद असलेल्या दाराचा यावा तसा.

"माझं."

रामकृष्ण स्वयंपाकघरातून धावत बाहेर आला. त्याला वाटलं, बाहेर कोणीतरी परका माणूस भांडायला आलाय.

"मंग तिथून काऊन सांगता?" बाई म्हणाल्या. "इथी येऊन सांगा."

भाऊ स्टेजवर आले. जन्मात पहिल्यांदा. उजेडात डोळे बारीक करून उभे राहिले आणि पुढे काही नाही. एक शब्द निघाला होता तोही संपला. झारा मात्र हातातच. आणि मग काय झालं, तर पहिल्या टेबलावरून एक शेतकरी हळूच म्हणाला, "म्हणा भाऊ, तुमच्याबिगर माझं कोनी नाई." लगेच दुसऱ्या टेबलावरून, "नाई नाई, तसं नोको, आधी तब्येत विचारा." तिसरीकडून एक बाई, "घरदार सांगा, हॉटेल आपलं हाये म्हणा." ज्या ज्या माणसाला भाऊंनी कधी काळी वाक्य दिलं होतं, तो प्रत्येक जण आता परतफेड करत होता. अख्खं हॉटेल कुजबुजत होतं, आणि प्रत्येकाचं वाक्य निराळं. भाऊ बिचारे या टेबलाकडून त्या टेबलाकडे मान वळवत राहिले.

"चुप बसा सारे!" दमयंतीबाई कडाडल्या. मग भाऊंकडे वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी घरी या. चहा ठेवीन. पन येतानी दुसऱ्याचं वाक्य आनू नका. आनलं तं मी पुण्याले गेली समजा." आणि प्रवीणचा हात धरून पुन्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हं, बाळा, गाडी सुटली." राहिलेला प्रवेश त्यांनी प्रॉम्प्टरशिवाय पुरा केला. निम्मी वाक्यं चुकीची होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवाळीनंतर 'तिसरी घंटा' वडशाला गेलं, पाटीवरच्या ड्रॅगनसकट. दमयंतीबाई पुण्याला फक्त दोन वेळा गेल्या, नातवाच्या बारशाला आणि दातांसाठी. दोघंही मला नंतर कितीदा भेटले. पण वसंतभाऊ म्हटलं की मला त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातलाच भाऊ माझ्या दारात, पांढरा सदरा घालून. एसटीनं जायला तयार नव्हते, कारण एसटीत जो तो वाक्यं सांगेल. मी स्कूटी काढली. गाढवी नदीचा पूल आला. पुलावर मागून कुजबुज आली, "बाई, काय बोलू?"

"मी किराणावाली हाये," मी म्हटलं. "मले काय माहीत?"

वडशाला बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी मी त्यांना उतरवलं. ते चालायला लागले. ओठ हलत होते, मग हलायचे थांबले. बाई अंगणात सडा टाकत होत्या. बघून त्यांनी बादली खाली ठेवली, पण या म्हटलं नाही. भाऊ फाटकापाशी उभे राहिले, हात मोकळे, काय करावं न कळणारे. आणि एकदम मोठ्यानं, गल्लीतली कुत्री उठून उभी राहतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"पुण्याले नका जाऊ!"

समोरच्या घरातून एक बाई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. दमयंतीबाईंनी भाऊंकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा. सडा ओला हाये."

मी स्कूटी वळवली. नऊला आरमोरीत पोचले तर दुकानापुढे ही गर्दी. रविवारी सकाळी गावातल्या निम्म्या बायकांच्या घरची काडेपेटी एकदमच संपली होती. कोणी काही विचारत नव्हतं. सगळ्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि काडेपेट्या विकल्या.